बंद काच

दुर्बिणींच्या दुकानात माझ्यापुढे एक जोडपं होतं. दुकानदार समजावत होता.

"ही अंगाची उष्णता टिपते. तीनशे मीटरवरचं जनावर अंधारातही दिसेल."

"एवढं लांबचं कशाला, भाऊ? बिबट्या आमच्या अंगणातच येतो. मामंजी पहाटे गोठ्यात जातात, त्याआधी खिडकीतून बघायचंय."

"डोळ्याला लावून तर बघा."

"अगं बाई! त्या काचेच्या दारात कोण उभंय?"

"तुम्हीच, ताई. काचेपलीकडचं हिला दिसत नाही, आपलीच उष्णता उलटून दिसते. खिडकी उघडावी लागेल."

"मी उघडेन की," नवरा म्हणाला.

"तुम्ही? परवापासून पडदासुद्धा सरकवला नाहीत! भाऊ, बिबट्याला काचेतून आपण दिसतो का हो?"

"त्याला दिसतो, ताई."

"अहो... मामंजी बाहेर पडण्याआधी रोज दिवा लावून खिडकीत उभे राहतात."