घरी जास्त, इथे बरोबर

दवाखान्यात माझा नंबर यायला वेळ होता. मागच्या बाकावर एक म्हातारे शिंपी आणि एक आजी बोलत होते.

"तुम्हाला काय होतंय, मास्तर?"

"प्रेशर. पण गंमत बघा, घरी मोजलं की एकशे सत्तर आणि इथे मोजलं की एकशे तीस."

"मशीन बिघडलं असेल."

"मलाही तेच वाटलं. म्हणून मशीनच उचलून इथे आणलं. नर्सबाईंनी त्याच मशीनवर मोजलं. एकशे तीस!"

"अगं बाई! मग घरी होतं तरी काय?"

"काहीच होत नाही हो. ही गेल्यापासून रेडिओ बोलतो तेवढंच."

"आणि इथे?"

"इथे नर्सबाई दंड धरून पट्टा बांधतात. 'काका, जेवलात का?' असं विचारतात. चाळीस वर्षं मी लोकांचे दंड मोजले. आता माझा धरणारं दुसरं कोणी नाही."

"डॉक्टरांना सांगितलंत हे?"

"सांगितलं ना. म्हणाले, मनाला लागलं की ते रक्तातही उतरतं. माणसांत बसा, गोळी आहे तीच चालू ठेवा, आता थेट सहा महिन्यांनी या."

"हे कधी म्हणाले?"

"गेल्या सोमवारी."

"अहो, मग आज कसे आलात?"

मास्तरांनी हळूच गुडघ्यावर हात ठेवला.

"आज गुडघा सांगणार आहे. तुमचं काय दुखतंय?"

"माझाही गुडघाच."

"कुठला?"

"डावा."

"बरं. मग मी उजवा सांगतो."