उभ्यानं घेतलेला आकडा

दवाखान्याच्या बाकावर लेक आईला घेऊन बसली होती. मांडीवर आईच्या प्रेशरची वही होती, पण कान समोरच्या दोन म्हाताऱ्या मित्रांकडे लागले होते. त्यातला एक शिंपी होता.

"अरे, आज सकाळी मी कापड बेतलं. उभ्यानं."

"थापा मारू नकोस. महिन्यापूर्वी तुला खुर्चीतून उठवायला दोघं लागायचे."

"लागायचेच. साखरेनं ताकद गेली, त्यात वय, असं सगळे म्हणायचे. प्रेशर मात्र झकास. मुलगा रोज अंथरुणातच मोजायचा आणि खूश व्हायचा."

"मग?"

"मग या नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काका, उभे राहा, परत मोजते. उभा राहिलो आणि आकडा धाडकन खाली. डोळ्यांपुढे अंधारी."

"बाप रे."

"प्रेशरच्या तीन गोळ्यांतली एक त्यांनी बंद केली. एकच. आता बघ." शिंपी हात न टेकता उठला. "कुठे धरलंय का मी?"

"बस खाली, लोक बघतायत."

"बघू देत की. वर्षभर बसूनच होतो."

लेकीनं वही उघडली. दोन वर्षांचे आकडे, सगळे बसून घेतलेले.

"आई, आत गेलं की उभं राहून मोजायला सांगू या."

"सांगू की. आणि मी बाथरूममध्ये दोनदा पडले, तेही सांगू का?"

"दोनदा? मला कधी सांगितलं नाहीस."

"तू रोज आकडाच विचारायचीस गं."