बापूरावांचं शेवटचं वाक्य

मंडळी, तुम्ही सगळे आलात. कामाच्या दिवशी आलात, कोणी तोक्योहून गाड्या बदलत आलात. मला बरं वाटलं. खरं तर मी बोलणार नव्हते. जोगळेकर काकांना मी कालच म्हटलं होतं, काका, तुम्हीच काय ते बोला, मला जमायचं नाही. काका म्हणाले, "तू नुसती उभी राहा. नाही सुचलं तर खाली बस." म्हणून उभी राहिलेय. मध्येच आवाज अडकला तर जरा थांबा. अरविंदला थांबायला आवडायचं.

मी त्याला अरविंदच म्हणणार आहे. इथल्या काही मोठ्या बायकांना माझं हे नवऱ्याला अरे-तुरे कधी पटलं नाही. आजच्या दिवस सांभाळून घ्या.

आत्तापर्यंत सगळे त्याच्या कामाबद्दल बोललात, स्वभावाबद्दल बोललात. त्याच्या खेळाबद्दल मात्र कोणी बोललं नाही. संकोच वाटला असेल. चाळिशी उलटलेला इंजिनिअर, योकोहामासारखं गाव, बाहेर छान ऊन, आणि हा टीव्हीपुढे पोरांचा खेळ मांडून बसलेला. तुम्ही हसायचात, मला माहितीय. मीही हसायची. हसायची कसली, कटकट करायची.

तो खेळ मोरी-साननी दिला. ते बघा, मागे बसलेत, अरविंदच्या ऑफिसातले. त्यांनी घरी टीव्हीला जोडायचं खेळाचं नवीन यंत्र घेतलं आणि जुनं करडं यंत्र, त्यातल्या एका कॅसेटसकट, पिशवीत घालून अरविंदला देऊन टाकलं. ज्यांनी तो खेळ पाहिला नाही त्यांना सांगते. पडद्यावर नकाशा. नकाशावर चौकोन. चौकोनांवर आपली माणसं आणि समोर शत्रू. आधी आपण आपली सगळी माणसं हलवायची आणि आपली टर्न संपवायची. मग ते हलतात. बुद्धिबळच म्हणा हवं तर. फक्त इथल्या प्रत्येक प्याद्याला नाव आहे, चेहरा आहे, आणि मेलं की ते परत येत नाही. मरताना एक वाक्य बोलतं आणि जातं.

सगळं जपानीत. अरविंदचं ऑफिसात इंग्रजीवर भागायचं, त्याला इथलं वाचता येत नव्हतं. मी वॉर्ड ऑफिसच्या क्लासला जाऊन शिकले होते. त्यामुळे मी आत कणीक मळत असले की बाहेरून हाक यायची, "अगं, हा काय म्हणतोय?" की मी बाहेर. वाचायचं, मराठीत सांगायचं, परत आत. शेवटी परात घेऊनच त्याच्या शेजारी बसायला लागले.

त्याने सगळ्यांना आपली नावं दिली होती. सुनंदाताई, तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, पण त्यातली तिरंदाज बाई म्हणजे तुम्ही. लांबून बोलते पण बरोबर लागतं, म्हणायचा. हसा, हसा. त्यालाही आवडलं असतं. मी विचारलं, यात मी कोण? तर म्हणाला, "तू कशाला यात? तू माझ्या बाजूला बसलीयस."

आणि एक होते बापूराव. घोड्यावरचे म्हातारे सरदार. बाकीचे लढून लढून तयार होतात, बापूराव होते तेवढेच राहतात. अरविंदने त्यांना कायम मागे ठेवलं. पुढे काढायचाच नाही.

मी त्याला एकदा विचारलं, यात आहे तरी काय एवढं? तो म्हणाला, "या देशात सगळं मिनिटावर चालतं. ट्रेन, मीटिंग, कचरा टाकायची वेळसुद्धा. हा एकटाच मला म्हणतो, तू कर विचार, मी थांबलोय." आणि खरंच थांबायचा हो तो खेळ. जेवून या, फोनवर बोलून या, समोरचा राक्षस कुऱ्हाड उगारून तसाच उभा. मोरी-साननी एकदा कौतुकाने आपलं नवीन यंत्र आणून दाखवलं. त्यात माणसं खरी वाटावीत अशी धावत होती. अरविंदने खेळून पाहिलं, छान आहे म्हणाला. ते गेल्यावर मला म्हणाला, "छान आहे, पण ते मला काही विचारतच नाही." आणि परत आपल्या करड्या यंत्रापुढे.

त्याची एक खोड होती. आपलं कोणीही मेलं की हा रीसेट दाबायचा. एक साधा भालेवाला गेला तरी सगळी लढाई पहिल्यापासून. मी म्हणायची, अरे, सगळी दुपार फुकट गेली. तो म्हणायचा, "फुकट कशी? चूक कुठे झाली ते कळलं ना." मरणाऱ्याचं वाक्य वाचायला मी तोंड उघडायची, तोवर त्याचं बोट बटणावर. "ते नको वाचूस." इतकी वर्षं खेळला, पण आमच्या घरात कोणाचं शेवटचं वाक्य कधी वाचलं गेलं नाही.

मग त्याच्या पोटाचं दुखणं सुरू झालं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. इथली पद्धत तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. मोठा आजार असला की तो आजारी माणसाला सांगत नाहीत. घरच्यांना सांगतात, आणि घरच्यांनी आपला चेहरा सांभाळायचा. डॉक्टर माणूस चांगला होता. मला वाकून म्हणाला, "त्यांचा धीर खचेल. आपण अल्सर म्हणू." मग अरविंदला आत घेतलं. आणि तिथे दुभाषी कोण? मीच. ज्या माणसाला खेळातलं एकेक वाक्य मी फोड करून सांगत होते, त्याला मी म्हटलं, अल्सर आहे, बरा होईल.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "ते एवढं लांबलचक बोलले आणि तू चार शब्दांत आटोपलंस?" मी म्हटलं, भाषाच लांबलचक आहे त्यांची.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. एका घरात राहायचं, एका ताटात जेवायचं, आणि समोर बघायचं नाही. तो घरीच असायचा. हातात ताकद नव्हती, पण खेळायचा. खेळता खेळता डोळा लागायचा. जागा झाला की सगळे जिथल्या तिथे उभे. त्या काळात त्याच्यासाठी जग कुठेच थांबत नव्हतं. ते एक यंत्र थांबत होतं. मग मी कटकट बंद केली.

एका रविवारी दुपारी मी गच्चीत गाद्या उन्हात टाकून आत आले. पडद्यावर पूल होता, पलीकडून शत्रू येत होते. अरविंदने बापूरावांना उचललं आणि थेट पुलाच्या तोंडावर नेऊन उभं केलं. मला वाटलं, चुकून झालं. मी म्हटलं, अरे, तिथे नको, मरतील ते. तो म्हणाला, "माहितीय. बाकीचे तेवढ्यात निघून जातील." आणि टर्न संपवली.

बापूराव पडले. मी त्याच्या बोटाकडे बघत होते. त्याने कंट्रोलर खाली ठेवला. म्हणाला, "काय म्हणतायत? वाच. जसंच्या तसं सांग."

मी वाचलं. बापूराव म्हणत होते, मला फार दिवस मागे ठेवलंत. आज पुढे येऊ दिलंत, बरं वाटलं. आता तुम्ही निघा.

अरविंद पडद्याकडून माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "आता डॉक्टर काय म्हणाले ते सांग. तेही जसंच्या तसं."

आणि मी सांगितलं. पहिल्यापासून सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

मी रडले, तो रडला नाही. मी विचारलं, तुला कधी कळलं? तो म्हणाला, "सैनिकाचं एक वाक्य सांगायला तू पाच वाक्यं घेतेस. डॉक्टरांचं तू चार शब्दांत उरकलंस, तिथेच कळलं." मी म्हटलं, मग इतके दिवस बोलला का नाहीस? तर म्हणाला, "तुझी टर्न होती. मी थांबलो होतो."

मंडळी, त्या संध्याकाळी आम्ही मुगाची खिचडी खाल्ली, आणि कितीतरी दिवसांनी मला अन्नाची चव लागली. घर हलकं झालं. त्याने स्वतः पुण्याला फोन करून भावाला सांगितलं. आईला कोणी आणि कसं सांगायचं तेही ठरवलं. टाय घातलेला फोटो लावू नकोस म्हणाला. बघा, नाही लावला. आम्ही भांडलोसुद्धा, पूर्वीसारखे, मोकळेपणाने. त्यानंतर त्याने रीसेट कधी दाबलं नाही. जो गेला त्याचं वाक्य मी वाचायची, तो ऐकून घ्यायचा आणि पुढे खेळायचा. मोजकी माणसं घेऊन त्याने तो खेळ संपवला. मला वाटलं, झालं, आता यंत्र आवरून ठेवायचं. तर म्हणाला, "पहिल्यापासून लाव. यावेळी बापूरावांना सुरुवातीपासून पुढे ठेवून बघू."

तो डाव अर्धा राहिला. राहू दे. तो गेला तेव्हा त्याचा हात माझ्या हातात होता, आणि आमच्यात सांगायचं असं काही उरलं नव्हतं. मला दुःख आहे, ते आयुष्यभर राहील. पण मी सुटलेही आहे, आणि हे तुमच्यासमोर म्हणायला मला लाज वाटत नाही. नवरा गेला आणि ही सुटले म्हणते, असं कोणाला वाटलं तर वाटू दे. खोटं मनात ठेवून त्याला निरोप द्यावा लागला असता, तर मी आज इथे उभी राहू शकले नसते.

मोरी-सान मघापासून मान हलवतायत, बिचाऱ्यांना एक अक्षर कळलेलं नाही. कुलकर्णी, तुम्ही त्यांच्या शेजारी बसला आहात. सभा झाली की मी काय बोलले ते त्यांना सांगा. त्यांना वाईट वाटेल म्हणून काही गाळू नका. जसंच्या तसं सांगा.

आता आपण सगळे उभे राहू. काका, दोन मिनिटं मोजायला घड्याळ बघू नका. ज्याचं मनातलं बोलून होईल त्याने खाली बसावं, बाकीच्यांना वेळ लागला तर लागू दे. अरविंद, तू सगळ्यांसाठी थांबायचास. आज आम्ही थांबतो.