डावीकडे पडणारी गाडी

मी : तुझ्या नवऱ्याचं काय बिनसलंय ते एकदा मला सांगशील का? सकाळपासून माझ्याशी चकार शब्द नाही. जेवायला वाढलं, तर अर्धं ताटात टाकून उठला. आणि वर टेबल पुसून ठेवलंय.

सून : टेबल पुसलं हा गुन्हा झाला का आई?

मी : चार महिने त्या टेबलावर मला हात ठेवायला जागा नव्हती. स्क्रू, चाकं, पाने, मधोमध त्या रिमोटच्या गाडीचा सांगाडा. मीठ घ्यायला गेले की बोटाला नट लागायचा. मी बोलून बोलून घसा कोरडा केला, तेव्हा हा ढिम्म. आणि आज आपणहून सगळं खोक्यात भरलं, टेबल पुसलं, फडकं धुऊन वाळत घातलं. हा शहाण्यासारखा वागायला लागला की मला धडकी भरते.

सून : जरा टेकू द्या मला. पहाटेपासून हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत उभी होते. चादरींचा ढीग संपता संपत नाही.

मी : टेक. ते स्टूल घे पायाखाली. पण टेकल्या टेकल्या बोल.

सून : गाडी देऊन टाकतायत. त्यांच्या त्या टायरवाल्या मित्राला. पाच वाजता तो न्यायला येणार आहे.

मी : देऊन टाकतोय? उद्या तर शर्यत आहे ना त्यांची, विटांच्या कारखान्यामागच्या मैदानात?

सून : शर्यतीत टायरवालाच पळवेल म्हणे. त्यानेच ह्यांना ते वेड लावलं होतं.

मी : लावलं ते बरंच केलं.

सून : आता बरं केलं का? तुम्हीच म्हणत होतात, मैदानाच्या कडेला उभं राहून रिमोटने हातभर गाडी पळवायची म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

मी : म्हणाले असेन. माझ्या जिभेला हाड कधी होतं? पण शेळ्या हाकायला का होईना, माणूस अंथरुणातून उठला होता. बावीस वर्षं मोठा ट्रक चालवला, मग चालवता चालवता झटका आला आणि डॉक्टरने सांगितलं, आता स्टेअरिंगला हात लावायचा नाही. पाच महिने भिंतीकडे तोंड करून पडलेला तू बघितलास, मीही बघितला. टायरवाला ते खोकं घेऊन आला तेव्हा कुठे ह्याने कूस बदलली. मग आता अंगात काय शिरलं?

सून : गाडी पडते.

मी : एवढंसं खेळणं ते. पडणारच.

सून : तशी नाही. टेकाडावरून उडी घेतली की दर वेळी डाव्या अंगावर कोलमडते. आधी नव्हती पडत. आधी मांजरासारखी उतरायची, मी स्वतः पाहिलंय. गेल्या रविवारपासून हे सुरू झालं. आठ दिवस रोज मैदानात जातायत. स्प्रिंगा बदलल्या, टायर बदलले, डावीकडे झुकते म्हणून त्या बाजूला स्प्रिंगखाली कडी टाकून उचलून बघितली. तरी डावीकडेच. काल मला म्हणाले, गाडीत काही नाही, माझाच हात ओढतो.

मी : हात ओढतो म्हणजे?

सून : मोठा ट्रकही डावीकडेच गेला होता ना. झटका आला तेव्हा, खड्ड्यात. ह्यांना वाटतंय तेच पुन्हा सुरू झालंय. आपल्याला कळायच्या आत हात वळतोय. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणे, तो काय सांगणार ते मला ठाऊक आहे. काल चहा पिताना डावा हात मांडीखाली दाबून बसले होते, आई.

मी : गेल्या रविवारपासून म्हणालीस?

सून : हो. का?

मी : पुढचं चाक की मागचं?

सून : पुढचं डावं आधी बसकण मारतं म्हणाले. तुमचा चेहरा असा का झाला?

मी : माझा चेहरा जन्मापासून असाच आहे. जा, आत जाऊन पड. मी बघते काय ते.

सून : त्यांना घालूनपाडून बोलू नका. आजच्या दिवस तरी.

मी : कुणाला काय बोलायचं ते माझं मला कळतं. जा तू.

(सून आत जाते. थोड्या वेळाने मुलगा खोकं घेऊन बाहेरच्या खोलीत येतो.)

मी : ते इकडे टेबलावर ठेव.

मुलगा : टायरवाला येतोय. दाराशीच ठेवतो.

मी : पाचला येतोय. आता सव्वाचार झालेत. टेबलावर ठेव, गाडी बाहेर काढ आणि पुढचा डावा पाय उघड.

मुलगा : पाय?

मी : तो स्प्रिंगवाला. ज्यात तू तेल भरतोस.

मुलगा : शॉकअप म्हणतात त्याला.

मी : म्हणू देत. उघड.

मुलगा : त्यात काय बघायचंय? चारही शॉकअप मी स्वतः भरलेत. तेलातले बुडबुडे वर यायला एकेकापाशी अर्धा अर्धा तास बसलोय. बाकी सगळी गाडी खोलून झाली. शॉकअपमध्ये चूक नाही.

मी : म्हणजे आठ दिवसांत तेवढा एक उघडला नाहीस.

मुलगा : मी भरलेला आहे तो.

मी : हे मात्र माझ्यावर गेलंय तुझं. बाकी सगळा बापावर गेलास.

मुलगा : आई, मी दमलोय. खरंच दमलोय. तुला टेबल पाहिजे होतं, मिळालं. आता सोड ना.

मी : मी काय ताजीतवानी बसलेय? गुडघे दोन्ही सुजलेत, डोळ्यांना सुई दिसत नाही. दमलेल्या माणसांनी वाद घालू नये, काम उरकावं. पक्कड देऊ?

मुलगा : पक्कड नको. टोपण हातानेच फिरतं. हे घे, उघडलं. समाधान?

मी : मला काय दाखवतोस? बोटावर घेऊन बघ.

मुलगा : हे पातळ आहे.

मी : हं.

मुलगा : मी घातलेलं एवढं पातळ नव्हतं. थेंब कसा सावकाश ओघळायचा. हे पाण्यासारखं पळतंय. आणि ही खालची रबराची रिंग फुगलीये. दांडा अडकतोय बघ, खाली दाबला की वर यायलाच तयार नाही. हे असं कशाने...

मी : वास घे.

मुलगा : कशाला?

मी : घे म्हटलं ना. लहानपणी माझ्या पायाशी त्याच वासात झोपायचास.

मुलगा : शिलाई मशीनचं तेल.

मी : मागच्या शनिवारी दुपारी तू झोपला होतास. गाडीखाली तेलाचा थेंब पडलेला दिसला. म्हटलं, गळतंय, आतलं कमी झालं असणार. तुझी बाटली तू कपाटात कुलूप घालून ठेवतोस, जशी काय मी पिऊन टाकणार आहे. माझी कुपी हाताशी होती. होतं ते टिपून घेतलं, माझं भरलं, टोपण लावलं. चाळीस वर्षं माझं मशीन त्या तेलावर चाललंय, कधी कुरकुरलं नाही. म्हटलं, तेल ते तेल.

मुलगा : तेल ते तेल नसतं, आई. ह्याचं जाडपणच कामाचं असतं. उडी मारून गाडी खाली आली की तेच धक्का पोटात घेतं. पातळ झालं की चाक सरळ आत जातं. आणि तुझं तेल ह्या रबराला चालत नाही, रबर फुगतं.

मी : आता कळलं.

मुलगा : आणि तू आठ दिवस बोलली नाहीस.

मी : काय बोलणार? मला वाटत होतं, पोराचं काम केलं. तुझी गाडी पडते हे मला आज कळलं, तेही तुझ्या बायकोकडून. तू सांगितलं होतंस?

मुलगा : तुला सांगून काय मिळालं असतं? उंटावरून शेळ्या.

मी : ते तर मिळालंच असतं. पण पुढचा डावा म्हणाला असतास, तर त्याच क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला असता.

मुलगा : आठ दिवस, आई. उडी घेतली की गाडीकडे बघायचं सोडून मी हाताकडे बघत उभा राहायचो. परवा टायरवाल्याच्या हातात रिमोट दिला, म्हटलं तू चालव. त्याच्याही हातून पडली. मला वाटलं, माझं मन राखायला मुद्दाम पाडतोय.

मी : म्हणजे त्याच्या हाताने पडली तरी खोट तुझ्याच हातात?

मुलगा : हसू नकोस.

मी : हसत नाही रे. हसायला अंगात जीव लागतो.

मुलगा : जाऊ दे. कळून तरी आता काय उपयोग? शर्यत उद्या सकाळी आहे. ही रिंग गेली कामातून. किटाबरोबर जादा आल्या होत्या, त्या कुठे पडल्या देव जाणे. महिना झाला शोधतोय.

मी : कसल्या? काळ्या, बारीक, सदऱ्याच्या बटणाहून लहान?

मुलगा : हो.

मी : माझ्या बटणांच्या डब्यात आहेत. चार. केर काढताना सापडल्या. मी वस्तू टाकत नाही.

मुलगा : महिनाभर मी गुडघ्यावर बसून फरशी चाचपतोय, आणि तू समोर बसून बघत होतीस.

मी : मला वाटलं, व्यायाम करतोयस. डॉक्टरने सांगितला होता ना. धर डबा. आणि कुलपातली बाटली काढ.

मुलगा : उजव्या बाजूला काही केलंस? मागे?

मी : नाही. थेंब डाव्याखालीच होता.

मुलगा : खरं सांग.

मी : आत्ता खोटं बोलायला काय उरलंय? गाडी मी धरते, तू रिंग बसव. अशी धरू?

मुलगा : जरा तिरकी. हां. हे जुनं तेल आधी नीट पुसायला हवं. फडकं दे.

मी : धुऊन वाळत घातलंयस. हा माझा पदर घे.

मुलगा : डाग पडेल.

मी : पडू दे. माझंच तेल आहे.

मुलगा : डाव्या हाताने बसवू?

मी : डाव्यानेच बसव. रिंग बसतेय ना?

मुलगा : बसली. आता तेल भरून बुडबुडे जाईपर्यंत थांबायचं. अर्धा तास.

मी : थांबू. आज दुसरं काम कोणाला आहे?

मुलगा : आई.

मी : हं.

मुलगा : आणि तो मोठा ट्रक?

मी : त्यात मी तेल घातलं नव्हतं. तो तुला झटका आला म्हणून गेला. ते मी माझ्या पदरात घेतलं तरी तुला पटायचं नाही, आणि मी घेणारही नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत, सोमवारी डॉक्टरकडे जायचं, आणि हे हाताचं जे काय मनात घेतलंयस ते त्याला तोंडाने सांगायचं. तुझ्या बायकोला उद्या सुट्टी आहे, तिला मैदानात खुर्ची देऊन बसव. उभी राहून राहून तिचे पाय मोडलेत.

मुलगा : तू येशील?

मी : उन्हात मला चक्कर येते. बघू.

मुलगा : बेल वाजली. टायरवाला असणार. वेळेआधीच आला. काय सांगू त्याला?

मी : जे झालं ते सांग. आईने केलं म्हणून सांग. मला त्याची लाज नाही.

मुलगा : आणि उद्याही डावीकडेच पडली तर?

मी : उद्या पडली तर ती तू पाडलीस, मी काही ऐकून घेणार नाही. आजवर पडली ती सगळी मी पाडली. तुझ्या हाताने एकदाही पाडलेली नाही. जा, दार उघड त्याला.