मांजरीमागून चालत आलेली बाई

ऐका रे. जवळ सरका. तुमची आजी तिकडं सुपारी कातरत बसलीय, तिच्याकडं बघू नका, नाहीतर ती मला गप करंल. गोष्ट तिचीच आहे.

तिच्या तरुणपणी आमच्या घरात एक भटकी मांजरी शिरली होती. पांढरी, एका कानावर काळा ठिपका. शिंक्यावरचं दूध काही ती ठेवंना. आमची आई म्हणाली, "घाला काठी तिच्या डोक्यात." तर ही, नवी सून बरं का, पाळण्यात तुमचा थोरला काका, सासूला म्हणते कशी, "मारायचं न्हाई, आत्याबाई. मी धरते आन् लांब सोडून येते." त्या काळी सासूपुढं असं बोलायची कुणाची टाप नव्हती!

पिंजरा मी केला, पडत्या दाराचा. आत हिनं बोंबलाचं डोकं बांधलं. सांजच्याला दार पडलं. आता आमच्यात रीत अशी, की मांजर सोडायचं ते अंधारात, ओढ्यापल्याड, आणि पिंजऱ्यावर पोतं घालून. वाट दिसली की मांजर माघारी येतं. माझा पाय मुरगळलेला. हीच निघाली. एका हातात पिंजरा, एका हातात कंदील.

गावाबाहेर पडली आणि हिनं पोतं काढून टाकलं. का? तर मुक्या जिवाला गुदमरतंय म्हणून. रीत मोडली. हे पोतं ध्यानात ठेवा.

माळावर बाभळीपाशी आली. पुढं चालली. चालली, चालली, ओढा काही येईना. आली ती पुन्हा बाभळीपाशीच. वाट बदलली. पुन्हा तीच बाभळ. चकवा लागला होता, पोरांनो. चकवा अंगाला हात लावत नाही. नुसता फिरवतो, आणि जिथं मरण आहे तिथं नेऊन उभा करतो.

मग कंदील विझला. वारा नाही, काही नाही, विझला. आणि अंधारातनं माझा आवाज आला. हो, माझाच! "अगं, इकडं ये, मी न्यायला आलोय."

ही वळली त्या बाजूला. तशी पिंजऱ्यातली मांजरी अशी गुरगुरली, अशी फिसकारली, की ही जागीच थांबली. पायानं चाचपलं, तर पुढं जमीनच नाही. पाटलांची बिनकठड्याची विहीर!

दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. ही खाली बसली आणि पिंजऱ्याचं दार वर केलं. म्हणाली, "बाई, येतानाची वाट तुला दिसलीय. चल घरी."

मांजरी निघाली. शेपूट वर, चार पावलं जाते, थांबते, ओरडते. ही त्या पांढऱ्या शेपटीमागं. तेवढ्यात मागनं रडणं आलं. पाळण्यातल्या पोराचं, आपल्याच पोराचं, भुकेलं. हिला पान्हा फुटला रे. चोळी भिजली. पाय उचलंना. पण मांजरी पुढं चालत होती, आणि मांजरीला घरच माहीत होतं. पोर तिथंच असणार, मागं नाही. एवढं त्या अंधारात हिला कळलं. हिनं मागं वळून बघितलं नाही.

मी उंबऱ्यात बसलो होतो. आधी मांजरी आत आली, मग ही. पोर पाळण्यात गाढ झोपलेलं. हिनं त्याला उचललं आणि मग रडली. आमची आई उठली, वाटी घेतली आणि मांजरीपुढं दूध ठेवलं. माझ्या आईनं, स्वतःच्या हातानं!

म्हणून सांगतो, रात्री त्या माळाच्या वाटेला जाऊ नका. मी बोलावलं तरी जाऊ नका, कारण तो मी नसणार. पांदीनं, कुंपणांमधल्या वाटेनं या, लांब पडली तरी.

आता बघा तिच्याकडं. हसतीय ना? उभ्या गावात चकव्यातनं पोराच्या रडण्याकडं पाठ फिरवून आलेली ती एकटी आहे. आणि तिच्या मांडीवर त्या मांजरीची खापरपणती झोपलीय ना, तिचा कान बघा. काळा ठिपका आहे.