साहेबांची साक्ष

शालन: ...आणि तो काळा कोट आधी काढून ठेवा. या केसमध्ये तुम्ही वकील नाही, साक्षीदार आहात.

रणजीत: शालन, पिंपरी कोर्टात माझं नाव ऐकून लोक बाकावरून उठायचे. नामांकित वकील होतो मी.

शालन: होतात. मग मंत्री होतात. मग राजदूत होतात. तुमचं सगळं 'होतात'मध्येच चाललंय. या दुर्गाबाई, बसा. हे माझे यजमान. ओळखलंत ना?

दुर्गाबाई: वळखलं की. निघोज्यात आमच्या समद्या भिंतींवर व्हते. पावसात धुऊन गेले.

रणजीत: नमस्कार. काय म्हणतंय निघोजे?

दुर्गाबाई: झ्याक हाय. जमीन कंपनीला दिली, सून कंपनीत लागली, दिवाळी झाली आन् कंपनीनं सुनेला काढली. तिच्यासंगं गावातल्या आनखी बायका. आता वावर बी न्हाई न् काम बी न्हाई. समदं झ्याक.

रणजीत: हे अत्यंत खेदजनक आहे. मला याबद्दल तीव्र चिंता वाटते.

शालन: दुर्गाबाई, हे राजदूत बोलले. 'तीव्र चिंता' म्हणजे जागचं हलणार नाही.

दुर्गाबाई: सायेब, राजदूत व्हता तवा तिकडं बेटावरच्या देशात तुमाला काम काय असायचं वो?

रणजीत: देशाचं प्रतिनिधित्व.

दुर्गाबाई: म्हंजी?

शालन: जेवणं. दुपारी यांनी त्यांना, रात्री त्यांनी यांना.

रणजीत: शालन! दोन देशांचे संबंध त्यातूनच घडतात.

शालन: घडले असतील. पक्षाला अडचण व्हायला लागलात, तेव्हा गुंडाला तडीपार करतात तसं केलं तुम्हाला. फरक एवढाच, जाताना हार घातले.

दुर्गाबाई: ताई, तुमी न्हाई गेला संगं?

शालन: कशी जाणार? मंत्री झाले त्या दिवशी सगळ्या फायली माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "जरा बघ." बघतेय अजून.

रणजीत: लोकांसाठीच राजकारणात गेलो होतो ना मी?

दुर्गाबाई: व्हय की. वकील व्हता तवा गावासाठी कंपनीशी भांडला. म्हनून निवडून दिलं. मंत्री झाला, तवा कंपनीलाच गावात घेऊन आला.

रणजीत: विकास नको होता का गावाला?

दुर्गाबाई: पाहिजे व्हता. आला. आमाला गेटाबाहेर ठेवून आत गेला.

शालन: मुद्द्यावर येऊ. तुम्ही उद्योगमंत्री असताना निघोज्याच्या सभेत भाषण केलंत. काय बोललात, आठवतं?

रणजीत: भाषणं पुष्कळ केली गं.

दुर्गाबाई: "जमीन द्या. घरटी एकाला कायमची नोकरी, हा माझा शब्द." मी फुडंच बसल्याली. बोलता बोलता तुमाला उचकी लागली, म्या पान्याचा तांब्या दिला.

शालन: आता कंपनीचा वकील म्हणतो, असा शब्द कुणी दिलाच नव्हता. या बायका ठेकेदाराच्या, कंपनीचा काही संबंध नाही. म्हणून शब्द देणाऱ्यालाच पिंजऱ्यात उभं करायचंय.

रणजीत: शालन, जरा आत येतेस?

शालन: इथेच बोला. केस यांची आहे.

रणजीत: नाजूक आहे. मुंबईहून फोन होता. एका महामंडळाच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव जवळजवळ नक्की झालंय. अशा वेळी, सरकारनं शब्द पाळला नाही असं माझ्याच तोंडून... थोडा समतोल राखावा लागेल.

दुर्गाबाई: कसलं महामंडळ?

रणजीत: ते अजून ठरायचंय.

दुर्गाबाई: म्हंजी खुर्ची ठरली, कशाची ते न्हाई.

रणजीत: मी खोटं बोलणार नाही. एवढा तरी विश्वास ठेव.

शालन: खोटं तुम्ही कधीच बोलत नाही हो. फक्त खरं बोलायची वेळ आली की तुमची वेळ संपते.

(आठवड्यानंतर. कोर्टाबाहेरची चहाची टपरी. शेजारी शालन आणि रणजीत. दुर्गाबाई सुनेशी फोनवर बोलत आहेत.)

दुर्गाबाई: हॅलो, दिव्या! येतंय का ऐकू? आगं, ताईंनी सायबाला फितूर केलं! न्हाई गं, मारलं न्हाई. साक्षीदार उलटला की कोर्टात तसं म्हनत्यात.

रणजीत: दुर्गाबाई, अख्ख्या टपरीला कशाला ऐकवताय?

दुर्गाबाई: थांबा सायेब, पोरगी सकाळधरनं गेटावर बसलीया. हां, दिव्या. तर ताईंनी इचारलं, शब्द दिला व्हता का? तर सायेब म्हनले... काय म्हनला वो तुमी?

रणजीत: "त्या वेळची एकूण परिस्थिती लक्षात घेता, सदिच्छेच्या स्वरूपात काही भावना व्यक्त झाल्या असाव्यात."

दुर्गाबाई: ऐकलंस? मला बी न्हाई कळलं. जजसायबांनी परत सांगा म्हनलं, तर त्यांनी त्याच्याहून लांब सांगितलं. कंपनीचा वकील हसाय लागला. म्या म्हनलं, गेलं समदं. तेवढ्यात ताई उठल्या. "माझा साक्षीदार फितूर झालाय, मला उलटतपासणी करू द्या." जजसायेब इचारत्यात, "हे आपले कोण?" ताई म्हनल्या, "घरी यजमान."

रणजीत: सगळं कोर्ट हसलं.

शालन: जज नाही हसले. मी त्यांच्याकडेच बघत होते.

दुर्गाबाई: मग ताईंनी येकच गोष्ट इचारली. "लोकांनी जमीन द्यायला हात वर केले, ते तुमच्या भाषणाआधी की नंतर?" सायबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मागं मी बसल्याली, माझ्याकडं बगितलं. आन् म्हनले, "नंतर. आधी एकही हात वर नव्हता." व्हय, येवढंच. निकाल लागंपतुर समद्यांना कामावर घ्या, असा हुकूम झाला. सोमवारी पयल्या शिफ्टला जायचं. आगं, रडतीस काय? बरं रड. रडून झालं की बाकीच्यांना सांग. ठेवते.

रणजीत: अभिनंदन, दुर्गाबाई.

दुर्गाबाई: तुमचं बी. येवढी वरसं भाषनं ऐकली तुमची, आज येक शबुद कामाला आला. येते ताई. चहा माझ्याकडनं.

शालन: सांभाळून जा.

रणजीत: जिना उतरत होतो, तेवढ्यात मुंबईहून फोन आला. महामंडळ दुसऱ्याला दिलं.

शालन: इतक्यात? सरकारी काम इतकं झटपट होतं, हे नव्हतं मला माहीत.

रणजीत: मी फिरणार हे तुला आधीच ठाऊक होतं. प्रश्न तयारच होता तुझा.

शालन: होता.

रणजीत: आणि मी "आधी" म्हणालो असतो तर? पुढे काय विचारणार होतीस?

शालन: काही नाही. दुसरा प्रश्नच नव्हता माझ्याकडे.

रणजीत: म्हणजे त्या सगळ्या बायकांची नोकरी तू माझ्या एका शब्दावर ठेवलीस?

शालन: ठेवली.

रणजीत: चहा घे. गार होतोय.

शालन: घेते.

रणजीत: उद्या कुठली तारीख आहे?

शालन: महाळुंग्याची. दोन भावांचं बांधाचं भांडण, तुम्ही अर्ध्यावर टाकून गेला होतात ते. एक भाऊ वारला. दुसरा, आपला पक्षकार सोनबा, येतो अजून, प्रत्येक तारखेला.

रणजीत: मी आलो तर चालेल?

शालन: या. सोनबाशेजारी बसा. बोलायची काही गरज नाही, त्याला आता ऐकू येत नाही.