शिट्टीच्या भरवशावर

(अकोल्याजवळचं एक गाव. भर दुपार. देवमनच्या ओसरीत त्याची भाची आरती उभी आहे. खांद्यावरची बॅग तिनं अजून उतरवलेली नाही.)

आरती: बसाले नाही आली मी, मामा. पोलिसांले माहं नाव कोणं सांगतलं, तेवढं बोला.

देवमन: घ्या! आल्या आल्या हेच? उन्हाची आली, पानी तं पे. माणिक, पानी आन वं. आरती आली भातकुलीवरून.

आरती: ठाण्यात बोलावलं होतं मले. वाचून दाखवलं. मी कुंपणाची तार वाकवून धावपट्टीवर शिरली म्हणे. चौकीदारानं हटकलं तरी ऐकलं नाही म्हणे. माह्यामुळे विमान उलटलं. हा चौकीदार कोण, मामा? तिथं तुमच्याशिवाय दुसरा हाय का?

देवमन: पोलिसाचं असंच रायते, बाई. आपन एक सांगतो, थे चार लिहितात.

आरती: म्हणजे एक तं सांगतलं तुमी.

माणिकबाई: घे, पानी घे. काय सांगतलं न् कोनं सांगतलं? यायनं तं मले म्हटलं का सारं मिटलं. फ्लाइंग स्कूलच्या सायबानं मिटवलं, पोरायले काही होत नाही.

आरती: मिटलं नाही, मामी. गुन्हा दाखल झाला. माह्या एकटीवर.

माणिकबाई: एकटीवर कसा? पोरायची तं टोळीच होती. भगवंतरावचा गोपाल होता, गजेंद्र होता. रोज इथूनच जात होते तुले घेऊन.

देवमन: तू आत जा बरं. चूल पाह्य.

माणिकबाई: चूल इझली कवाचीच.

आरती: आम्ही रोडवर पळत होतो, मामा. पोलीस भरतीची तयारी करून राहिलो होतो ना. ट्रक अंगावरून जात होते. तवा तुमीच म्हणाले, पोरंहो, रोडवर काहून मरता, माह्या पट्टीवर या. असं डांबर तालुक्यात नाही. गेटचं कुलूप तुमीच उघडत होते. मी कोणती तार वाकवली?

देवमन: चांगल्यासाठीच म्हटलं ना मी.

आरती: आणि म्हणाले, माह्या हातात रेडिओ हाय. विमान यायच्या आधी पायलट बोलते, मले आयकू येते. मी शिट्टी मारली का बाजूच्या नालीत उतरायचं, विमान गेलं का पुन्हा पळायचं. एक दिवस मागं वळून पाह्यलं नाही आम्ही. तुमच्या शिट्टीच्या भरवशावर पळत होतो.

देवमन: मंग मारत नव्हतो का शिट्टी? आजवर एकदा तरी चुकली का?

आरती: त्या दिवशी काहून नाही मारली?

देवमन: रेडिओच बोलला नाही, तं म्या काय करू? थ्या पोरीनं सांगतलंच नसन. शिकाऊ पोरगी, घाबरली असन.

आरती: मी आता तिलेच भेटून आली. अकोल्याले, दवाखान्यात.

देवमन: कोनाले?

आरती: त्या पायलट पोरीले. गजाला नाव हाय तिचं. अचलपूरची हाय, माह्याच वयाची. खांद्याचं हाड मोडलं.

देवमन: तुले कोनं सांगतलं तिथं जायाले? सायबानं बजावलं हाय, कोनी भेटाचं नाही तिले!

आरती: विमान काळ्या मातीत रुतून उलटं झालं, तवा तिले मीच ओढून काढलं, मामा. पट्टा निघत नव्हता. पेट्रोल ठिबकून राहिलं होतं. पोरं दूर उभे राहून ओरडत होते. मी तिले भेटू नको तं कोण भेटन?

माणिकबाई: काय म्हने थे? बरी हाय ना?

आरती: मले पाह्यलं न् रडाले लागली. म्हणे, मी तुम्हाला पाहिलंच नव्हतं. इथं टॉवर नाही ना, मामी. मोठ्या विमानतळावर वरून पाहणारा असतो, तो सांगते, आता उतर, आता थांब. इथं तसं कोणी नाही. म्हणून जो उतरते त्यानंच रेडिओवर सांगायचं, मी इथं हाय, या बाजूनं येऊन राहिली. जो आयकते त्यानं बोलायचं. पट्टीवर माणूस असन, ढोर असन, तं उतरू नको म्हणायचं.

देवमन: थे मले नको शिकवू. चार वर्स झाले मले तिथं.

आरती: ती लांबून बोलली. वळतानी बोलली. सकाळचा सूर्य नेमका डोळ्यांसमोर, पट्टी धड दिसे ना, म्हणून शेवटी इचारलंसुद्धा, पट्टी मोकळी हाय का. कोणीच उत्तर दिलं नाही. म्हणे, देवमनकाका रोज बोलतात, लोक असले तर लगेच सांगतात. काही बोलले नाहीत म्हणून मला वाटलं, मोकळीच आहे. चाकं टेकली तवा आम्ही दिसलो तिले. आमच्या अंगावर येऊ नये म्हणून तिनं विमान मातीत घातलं.

देवमन: बॅटरी उतरली असन रेडिओची. जुना डब्बा हाय थो.

माणिकबाई: नाही उतरली.

देवमन: तुले काय ठाव?

माणिकबाई: मी होती ना पट्टीवरच्या तुमच्या चौकीत. तुमचा डबा घेऊन आल्ती. रेडिओ टेबलावर पडला होता न् थ्यातून पोरीचा आवाज येऊन राहिल्ता. इंग्रजीत. एकडाव बोलली, मंग पुन्हा बोलली. मले काय समजते थ्यातलं? मी डबा ठेवला न् तुम्हाले पाहाले भायेर निंघाली.

आरती: मामी, मामा कुठं होते?

माणिकबाई: पार थ्या टोकाले. मोटार घेऊन एक जोडपं आल्तं, लग्नाआधी फोटो काढाले. पोरीचा लांब झगा वाऱ्यानं उडून राहिल्ता. यायच्या हातात चांदीवानी चमकनारा पत्रा, तिच्या तोंडावर उजेड पाडाले.

देवमन: माणिक!

माणिकबाई: मी हाका मारल्या. तुम्हाले आयकू नाही गेल्या.

आरती: फोटोवाल्यांचं गेट कोणं उघडलं? तेही तार वाकवूनच आले का?

देवमन: पाह्य पोरी... झाली चूक. पाच मिनिटाचं काम हाय म्हने थे लोकं. हातावर काही टेकवलं त्यायनं. रोज थ्या टायमाले इमान येत नाही. म्हटलं, येतो लगेच.

आरती: चूक झाली, मी मानलं. तेवढी चूक मी गिळली असती, मामा. पण ठाण्यात माहं नाव काहून घेतलं?

देवमन: स्कूलचे सायेब म्हने, पट्टीवर लोकं कसे आले थे सांग, नाही तं सारं तुह्यावर जाते. नोकरी तं जाईनच, वरून केस. फोटोवाल्याची गोष्ट काढली असती तं मेलोच होतो. एखांदं नाव तं देनंच होतं.

आरती: पोरं किती होते तिथं. माहंच काहून?

देवमन: मंग कोनाचं घेऊ? गोपालचं घेतलं असतं तं भगवंतरावनं घरात येऊन मारलं असतं मले. गजेंद्रचा काका सरपंच. दुसरे पोरं तं रस्त्यात अडवतीन. तू घरची. म्हटलं, आरती समजून घेईन.

माणिकबाई: काय बोलून राहिले तुमी?

देवमन: खरं थेच बोललो! परक्यानं सोडलं असतं का मले? आन् पोरीच्या जातीले पोलीस जास्त तरास देत नाहीत. दंड भरून सुटते. दंड मी देतो ना.

आरती: भरतीत निवड झाली तरी चारित्र्य तपासतात, मामा. हा गुन्हा राहिला तं मले कोण घेईन वर्दीत? सहा महिने तुमच्या घरी राहून कशासाठी पळली मी? तुमीच तं सकाळी उठवत होते मले. पायाले तेल लावून देत होते.

देवमन: भरती का एकदाच निंघते? पुढच्या वर्सी पाहू. नाही तं चांगलं स्थळ पाहून देतो तुले.

माणिकबाई: बस करा आता. लाज नाही वाटत?

आरती: मी ठाण्यात जाऊन राहिली. झालं तेच सांगते. कुलूप, रेडिओ, फोटोवाले, सगळं. तुमी सोबत चला. तुमच्या तोंडून आलं तं तुम्हालेही थोडं सोपं जाईन.

देवमन: नाही, आरती. पाया पडतो तुह्या. या वयात कोन ठेवीन मले कामावर? आठ-पंधरा रोज दम धर. सायेब काही तरी काढतीन रस्ता.

आरती: सायबांनी तुम्हाले रस्ता काढून देल्ला. त्या रस्त्यावर मले उभं केलं तुमी.

देवमन: तुह्या एकटीचं कोन मानते ठाण्यात? गजालाले चौकीतलं काय ठाव?

माणिकबाई: मले ठाव हाय. थांब आरती, लुगडं बदलून येते. मीबी येते.

देवमन: तू? तू कोर्टकचेरीत माह्या इरोधात उभी रायशीन?

माणिकबाई: थ्या रेडिओचा आवाज कानातून जात नाही माह्या. एकडाव तरी कोनाले सांगू द्या मले.

देवमन: आन् मी? मी काय करू इथं?

माणिकबाई: भाकर टोपल्यात हाय. वरन गरम करून घ्या.

देवमन: आरती, आयक. एक मिनिट आयक. तुह्या आईले सांगतलं का हे? माह्या बहिनीले काय माहीत हाय?

आरती: काहीच नाही. तिले वाटते, पोरांपैकी कोणी नाव घेतलं असन. तिनंच तं पाठवलं मले. म्हणे, दादाकडे जा, तो तुह्यासाठी ठाण्यात येऊन खरं सांगन.